लिहिण्याची बैठक आणि लेखकाची इंद्रिये : वाचकांचे प्रश्न

कथा-कादंबरी लिहिणाऱ्या वाचकांची या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. भोवतालची जागा, वास, आवाज, स्पर्श यांचा उपयोग करून लिहिण्याचा हुरूप कसा टिकवावा, असे या वाचकांना विचारायचे आहे. पत्रे वाचताना असे लक्षात आले की या एका प्रश्नात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. लेखकाला लिहिते करणारा भोवताल ही एक गोष्ट, आणि कथेतल्या पात्राला जाणवणारा भोवताल ही दुसरी. पहिल्याची चोख व्यवस्था केली की दुसरी आपोआप साधते, असा समज अनेक पत्रांतून डोकावतो. तो खरा नाही, आणि पुढची उत्तरे देताना हा फरक मी धरून ठेवला आहे.

प्रश्न : नोकरी सांभाळून मी रात्री कादंबरी लिहितो. टेबलाशी बसल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास नुसताच जातो. सुगंधी मेणबत्ती, मंद दिवा, खिडकीत झाडाची कुंडी असे बरेच करून पाहिले. प्रत्येक गोष्टीचा उत्साह काही दिवस टिकतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझे नेमके कुठे चुकते?

उत्तर : तुम्ही निवडलेल्या वस्तूंत काहीच वावगे नाही, त्यांच्याकडून ठेवलेली अपेक्षा मात्र अवास्तव आहे. मेणबत्तीच्या वासात प्रसंग सुचवण्याची शक्ती नसते. सुरुवातीला वाटतो तो उत्साह नव्या वस्तूचा असतो आणि नवेपणा ओसरला की तोही ओसरतो. वास, प्रकाश किंवा आवाज यांचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते काम एखाद्या इशाऱ्याचे असते. रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रसिद्ध प्रयोगांत कुत्र्यांना अन्न देण्याआधी ठरावीक ठोके ऐकवले जात. त्या ठोक्यांना ना चव होती ना वास, पण अन्नाशी त्यांची जोडी पुन्हा पुन्हा जमल्यामुळे पुढे नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटू लागली. हीच जोडी मोडत गेली, म्हणजे ठोके पडूनही अन्न येईनासे झाले, की तो परिणाम विरत जात असे. आता तुमच्या टेबलाकडे पाहा. मेणबत्ती लावून तुम्ही अर्धा तास मोबाइल पाहत बसत असाल, तर ती मेणबत्ती मोबाइल पाहण्याचा इशारा झालेली आहे, आणि तिचा दोष काढण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला असा की इशारा एकच ठेवावा, तो अगदी लिहिण्याच्या क्षणी द्यावा, आणि त्यानंतर लगेच, भिकार का होईना, एक वाक्य कागदावर उतरवावे. वासच वापरायचा असेल तर खोलीभर दरवळणारा वास कुचकामी ठरतो, कारण सतत येणाऱ्या वासाची नाक काही मिनिटांतच दखल घेईनासे होते. झाकणाच्या लहान डबीत कापसाचा बोळा आणि त्यावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब, एवढे पुरते. डबी उघडून एकदा वास घ्यावा, झाकण लावावे आणि लिहू लागावे. ती डबी इतर कोणत्याही कारणासाठी उघडू नये, सर्दी झाली तरी.

नामवंत लेखकांच्या सवयींचे दाखले या बाबतीत नेहमी दिले जातात, आणि ते परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. जर्मन कवी-नाटककार शिलर टेबलाच्या खणात सडकी सफरचंदे ठेवत असे. त्याचा मित्र, कवी गटे, एकदा त्या टेबलाशी बसला असता वासाने त्याला भोवळ येऊ लागली, आणि हा किस्सा पुढे गटेनेच आपला सहकारी एकरमान याला सांगितला. याउलट अमेरिकन लेखिका माया अँजेलो लिहिण्यासाठी हॉटेलातली खोली भाड्याने घेत आणि भिंतींवरची चित्रेसुद्धा काढून ठेवायला सांगत. मुलांसाठी लिहिणारा ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल बागेतल्या छोट्या खोपटात पडदे ओढून, जुन्या आरामखुर्चीत बसून, मांडीवरच्या फळीवर पेन्सिलीने लिहीत असे. या तिघांच्या जागांमध्ये सौंदर्याचा समान धागा शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. रोज तेच आणि तसेच असणे, एवढाच धागा सापडतो. माझा स्वतःचा कल अँजेलो यांच्या बाजूने आहे, कारण सजवलेली खोली बघण्याजोगी होते आणि बघण्यात वेळ जातो. शिलरचा प्रयोग करून पाहावा असे मी कुणालाही सुचवणार नाही.

वाया जाणाऱ्या अर्ध्या तासावर आणखी एक उपाय आहे आणि त्याचा खोलीशी संबंध नाही. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच थांबावे, असे अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने 1958 सालच्या एका मुलाखतीत सांगितले होते. प्रसंग पूर्ण करून झोपण्याचे समाधान मोठे असते, परंतु दुसऱ्या रात्री त्या समाधानाची किंमत कोऱ्या पानासमोर बसून मोजावी लागते.

प्रश्न : मला गर्दीच्या ठिकाणी बसून चांगले लिहिता येते, घरच्या शांततेत मात्र येत नाही. कानात गाणी लावून लिहिणे योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या अनुभवाला थोडाफार आधार आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे 50, 70 आणि 85 डेसिबल अशा तीन पातळ्यांच्या गोंगाटात लोकांना कल्पकतेची कामे दिली गेली. मधल्या, म्हणजे 70 डेसिबलच्या गलक्यात ती सर्वांत चांगली झाली आणि 85 डेसिबलला घसरली. गाण्यांचे मात्र वेगळे आहे. 2019 च्या एका प्रयोगात तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधायला सांगितले होते; ओळखीच्या गाण्याने, परक्या भाषेतल्या गाण्याने आणि नुसत्या वाद्यसंगीतानेही हे काम अवघड झाले, तर ग्रंथालयातल्या साध्या आवाजांनी ते बिघडले नाही. ही कामे काही मिनिटांची होती आणि कादंबरी काही वर्षांची असते, त्यामुळे या आकड्यांना शिरसावंद्य मानण्याची गरज नाही. तरीही त्यांतून एक गोष्ट उघड होते: शब्द ऐकू येणे आणि शब्द शोधणे ही कामे एकमेकांच्या आड येतात. दूरची गर्दी चालते, कारण तिच्यातले एकही वाक्य वेगळे उमटत नाही. शेजारच्या टेबलावरचे भांडण चालत नाही, कारण ते ऐकावेसे वाटते. (अर्थात संवाद शिकायचे असतील तर त्या दिवशी लिहिणे बाजूला ठेवून तेच ऐकावे.)

एखाद्या पात्राशी एखादे गाणे जोडायला माझी हरकत नाही. ते लिहायला बसण्यापूर्वी एकदा ऐकावे आणि बंद करावे. ते चालू ठेवून लिहिल्यास एक धोका संभवतो: गाण्याने मनात उभा केलेला भाव परिच्छेदात उतरला आहे असा भास लेखकाला होतो, आणि वाचकापाशी ते गाणे नसते. पुनर्लेखन तर संपूर्ण शांततेत आणि शक्यतो मोठ्याने वाचूनच करावे.

प्रश्न : वर्णनात पाचही इंद्रियांचा वापर करावा असे लेखन-कार्यशाळेत सांगितले होते. मी ते काटेकोरपणे पाळते, तरी माझी वर्णने शाळकरी निबंधासारखी वाटतात, असे मैत्रीण म्हणते. सोबत एक उतारा पाठवत आहे.

उत्तर : तुमचा उतारा वाचकांसाठी येथे देतो: "पाऊस मुसळधार कोसळत होता. मातीचा सुगंध दरवळत होता. पक्ष्यांचा किलबिलाट आणि पानांची सळसळ कानी पडत होती. गार वाऱ्याने तिच्या अंगावर शहारा आला. डोळ्यांतले खारट पाणी ओठांवर ओघळले." पत्रात तुम्ही सांगितल्याप्रमाणे कथेतली ही स्त्री याच क्षणी कायमचे घर सोडून निघाली आहे. उताऱ्यात इंद्रियांची हजेरी घेतलेली आहे, पाचही जण उपस्थित आहेत, आणि एकालाही काही काम दिलेले नाही.

प्रथम खरेखोटेपणा पाहू, कारण बारकावा खोटा पडला की वाचकाचा विश्वासही उडतो. मुसळधार पावसात पक्ष्यांचा किलबिलाट सहसा थांबतो, आणि थांबला नाही तरी त्या आवाजात तो ऐकू येणे कठीण असते. मातीच्या वासाचा मामला अधिक रंजक आहे. कोरड्या मातीतून आणि खडकांतून पावसाच्या वेळी येणाऱ्या या वासाचा अभ्यास दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली प्रसिद्ध केला. त्यात भर असते ती मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याची, ज्याची अत्यल्प मात्राही माणसाचे नाक टिपू शकते. 2015 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पावसाच्या थेंबांचे चित्रण केले. थेंब सच्छिद्र पृष्ठभागावर आपटताच त्याच्याखाली अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि फुटताना सूक्ष्म तुषार हवेत सोडते, असे त्यांना दिसले. हलक्या आणि मध्यम पावसात असे तुषार अधिक उडतात, मुसळधार पावसात कमी. म्हणजे हा वास पावसाच्या आरंभाचा आहे, जोराचा नाही. शिवाय तो बंद खोलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला येतो, तासभर ओसरीवर बसलेल्याला जाणवेनासा होतो.

एवढे कळल्यावर हा वास कथेच्या उपयोगी पडू लागतो. तुमच्या नायिकेला मातीचा वास आला, तर ती पावसाच्या पहिल्या सरींतच निघाली असे वाचकाला न सांगता कळेल. आला नाही, तर ती बराच वेळ रेंगाळली आहे. तुम्हाला यांतले कोणते हवे? निघणे हा निर्णय तिला सोपा नसावा असे मी गृहीत धरतो आणि एक नमुना लिहून दाखवतो: "तिने बॅग उचलून दार उघडले तेव्हा मातीचा वास केव्हाच गेला होता. पन्हळीचे पाणी पायरीवरच्या रिकाम्या डब्यात पडत होते. डबा भरत आला तसा त्याचा आवाज चढत गेला. पाणी काठावरून वाहू लागल्यावर तिने बॅग खाली ठेवली आणि डबा रिकामा केला."

येथे अश्रू नाहीत, शहारा नाही, चव तर नाहीच. वाचकाच्या कानावर एकच आवाज येतो, आणि तोही बदलत जाणारा. भांडे भरत जाते तसा पाण्यावरचा हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आवाज चढत जातो; ही नेहमीच्या ऐकण्यातली गोष्ट आहे, पण तो चढणारा आवाज जिने शेवटपर्यंत ऐकला ती दारातच उभी होती, हे त्यातून सिद्ध होते. डबा रिकामा करणे ही घर सांभाळणाऱ्या बाईची सवय आहे, आणि ती घर सोडत आहे. माझ्या नमुन्याहून चांगला नमुना तुम्हाला सुचू शकेल, कारण त्या स्त्रीला तुम्ही माझ्यापेक्षा अधिक ओळखता. मुद्दा निवडीचा आहे: त्या क्षणी, त्या मनःस्थितीत, त्या माणसाच्या लक्षात काय येईल?

सरावासाठी एक करा. कोणत्याही जागी दहा मिनिटे बसा आणि जे जाणवेल ते लिहून काढा, मात्र मंद, गार, मधुर, सुंदर, भयाण अशी विशेषणे पूर्ण वर्ज्य ठेवा. आवाज कशाचा, कुठून येतो, मध्येच थांबतो का, कशावर आपटून बदलतो, एवढेच लिहा. विशेषणे काढून घेतली की क्रियापदे कामाला लागतात. मग त्याच जागेचे टिपण दोनदा नव्याने लिहा, एकदा कुणाची तरी वाट पाहणाऱ्याच्या नजरेतून आणि एकदा कुणापासून लपलेल्याच्या. दोघांना ऐकू आलेले आवाज जर सारखेच निघाले, तर पुन्हा बसा.

प्रश्न : काही वासांनी मी एकदम हळवा होतो. लिहावेसे वाटते, पण कागदावर काहीच येत नाही. ही प्रेरणा की नुसती हुरहुर?

उत्तर : हुरहुरच, परंतु तिला कमी लेखू नका. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत पोहोचतात. वासाने भाव आधी दाटून यावा आणि त्याचे कारण मागून कळावे, किंवा कळूच नये, हे त्यामुळे स्वाभाविक वाटते. कानांच्या बाबतीतही असे घडते. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत व्याकूळ होतो. तो कोणापासून दुरावला आहे हे शापामुळे त्याला आठवत नाही, आणि कालिदास ती व्याकुळता तशीच, कारणाविना, त्याच्यावर सोडून देतो. प्रेक्षकाला कारण ठाऊक असते. सारी करुणा या फरकातून येते, आणि तो फरक नाटककाराने रचलेला आहे.

फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचे उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवले असेलच. त्याच्या कादंबरीत चहात बुडवलेल्या केकच्या तुकड्याने निवेदकाचे बालपण परत येते, हे सर्वांना माहीत असते. ते लगेच येत नाही, याकडे मात्र दुर्लक्ष होते. दुसऱ्या घोटात पहिल्याहून अधिक काही नसते, तिसऱ्यात तर कमीच असते, आणि मग तो घोट घेणे थांबवून बराच वेळ मनाशी झगडतो. आणखी गंमत अशी की आधीच्या खर्ड्यांत तो केक नव्हता, भाजलेल्या पावाचा तुकडा होता. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्मृतीतली वस्तूसुद्धा लेखकाने बदलली. तुम्हीही वासाशी एकनिष्ठ राहू नका. वास पुन्हा पुन्हा घेत बसू नका. हळवेपणा आला की त्याचे नाव न लिहिता त्या वासाच्या वेळी हात काय करत होते, दार उघडे होते की बंद, आणि खोलीत कोण बोलायचे थांबले होते, ते लिहा. आठवत नसेल तर रचा.

प्रश्न : माझी कथा बर्फाळ प्रदेशात घडते. तिकडे जाणे मला शक्य नाही. छायाचित्रे पाहून लिहिणे अप्रामाणिक ठरेल का?

उत्तर : अप्रामाणिक मुळीच नाही, अपुरे मात्र ठरेल, कारण छायाचित्राला ना आवाज असतो ना तापमान. स्वित्झर्लंडच्या डोंगरदऱ्यांतले "विल्यम टेल" हे नाटक 1804 मध्ये रंगभूमीवर आणणारा शिलर (सफरचंदवाला तोच) त्या देशात कधीही गेला नव्हता. गटे जाऊन आला होता, आणि तो विषय आपणच मित्राला दिला असे त्याने सांगितले आहे. तुम्हीही पाहून आलेल्यांना विचारा, पण "कसे दिसते" असे विचारू नका. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे बर्फ पडून गेल्यावर परिसर मुका होतो. थंडी कडक असेल तर तोच बर्फ पायाखाली करकरतो. थंड हवेत वासही कमी जाणवतात, कारण वासाचे रेणू कमी उडतात. तेव्हा उबदार खोलीत शिरणाऱ्या पात्राला वासांचा मारा बसणे अगदी खरे आहे. स्पर्शासाठी घरीच एक प्रयोग होऊ शकतो. बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ बोटे बुडवा, सोसवेनासे झाले की लगेच काढा, आणि सदऱ्याचे बटण लावून पाहा. बटण बोटांना लागते, पण बोटे ऐकत नाहीत. किल्ली, काडेपेटी, बंदुकीचा घोडा, जे काही तुमच्या कथेत असेल, ते त्या बोटांत देऊन पाहा.

प्रश्न : "डोळे मिटा आणि प्रसंग पाहा" असे सगळे सांगतात. डोळे मिटल्यावर मला काहीच दिसत नाही, फक्त अंधार. मी कथा लिहूच नये का?

उत्तर : अवश्य लिहा. असे तुम्ही एकटे नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने 1880 साली लोकांना त्यांचे सकाळचे न्याहारीचे टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितले, तेव्हाही काहींना काहीच दिसत नव्हते. 2015 साली ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीला अफँटेशिया हे नाव दिले, आणि त्यानंतर असे अनेक लोक पुढे आले. त्यांत चित्रकार आणि लेखकही आहेत.

तुमच्यासाठी भोवताल ही चैनीची बाब नाही, ते तुमचे हत्यार आहे. खोलीचा नकाशा कागदावर काढा, दारे-खिडक्या मांडा, पात्रांच्या जागी बटणे ठेवा आणि प्रसंग पुढे सरकेल तशी ती हलवा. पात्राच्या हातातली वस्तू खरोखर हातात धरून तिचे वजन, धार, खरखर लिहून ठेवा. डोळ्यांसमोर चित्र येणाऱ्या लेखकांची एक खोड मला हस्तलिखितांत वारंवार आढळते: ते दिसेल ते सगळे लिहितात, भिंतीच्या रंगापासून पडद्याच्या झालरीपर्यंत, आणि प्रसंग तिथेच बसून राहतो. ही खोड तुम्हाला लागण्याची शक्यता कमी आहे. मात्र संवाद चालू असताना कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, हे तुमच्याकडून निसटू शकते. तेवढे प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवत जा.